मालकाचा पक्ष हरला त्या वर्षी

फोन वाजला की तो उचलू नये असं शालनला वाटायला लागलं, ते त्या वर्षीच्या जूनपासून. त्याआधी अकरा वर्षं फोन घेणं हेच तिचं काम होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं.

बेंगळुरूत के. आर. पुरमच्या पुढे मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की पत्र्याच्या शेडची रांग लागते. त्यातल्या चौथ्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनतात. एका टोकाला तपकिरी कागदाचे कमरेएवढे रोल, मधे मशीन, आणि दुसऱ्या टोकाला लांबलचक टेबलं; तिथं बायका उभ्या राहून खोक्यांच्या कडांना खळ लावतात. शालन निपाणीकडची. लग्न होऊन बेंगळुरूत आली, पोरगी दीड वर्षाची झाल्यावर या शेडमध्ये लागली आणि पहिली सहा वर्षं त्याच टेबलापाशी उभी राहिली. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात हिंदी आणि इथं आल्यावर शेजारणींकडून उचललेलं तमिळ, एवढ्या भाषा तिच्या तोंडात होत्या. ऑर्डर लिहून घेणारा कारकून नोकरी सोडून गेला, तेव्हा मालक टेबलापाशी आले आणि म्हणाले, "शालन, हात धू. उद्यापासून तू फोनवर."

त्या खुर्चीत बसून तिला शहराची नाडी कळायची. ज्याला काही विकायचंय त्याला खोकं लागतं. शिवाजीनगरच्या बसवंतचे टोस्ट आणि खारी, कुणाच्या उदबत्त्या, कुणाचे मोटारपंप, कुणाचे स्टीलचे डबे, मुलांच्या चपला. सगळं शेवटी खोक्यातच जायचं. कुठल्या धंद्यात माल उठतोय आणि कुठल्या धंद्यात पडून आहे, हे तिला पेपरात यायच्या आधी समजायचं. नवरा मल्लाप्पा स्वतःच्या छोट्या टेम्पोतून याच शेडची खोकी पोचवायचा. म्हणजे घरातल्या दोन्ही चुली एकाच शेडच्या जिवावर. मुलगी प्रियदर्शनी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन बसली होती.

मालकांचं नाव हयवदन राव. साठीच्या अलीकडचे, बोलायला गोड, हाताखालच्या माणसांच्या घरी लग्नाला आणि मयताला न चुकता जाणारे. शालनच्या सासूबाई गेल्या तेव्हा ते हॉस्पिटलातून घरापर्यंत बरोबर आले होते. त्यांचं एकच होतं. राजकारण. त्यांच्या वडिलांपासून घरात एकच पक्ष, आणि तो घरातल्या कुळाचारासारखा पाळायचा. तो पक्ष सत्तेवर असला की हयवदनरावांना पाऊस वेळेवर वाटायचा, रस्ते बरे वाटायचे, धंदा वाढवावा असं वाटायचं. नसला की चहासुद्धा कडू लागायचा. शेडमधल्या बेचाळीस माणसांना ही त्यांची चाल पाठ होती. कुणी मनावर घेत नसे.

त्या वर्षी विधानसभेची निवडणूक लागली, तेव्हा त्यांनी एक मोठं मशीन ठरवलं होतं. छपाई आणि कापणी एकदम करणारं. शेजारची मोकळी जागा त्यासाठी बघून ठेवली होती. वीस माणसं नवी घेणार, असं ते सगळ्यांना सांगत होते. मतदानाच्या आठ दिवस आधी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना टेबलांपाशी गोळा केलं.

"मी कुणावर जबरदस्ती करत नाही," ते कन्नडमध्ये म्हणाले. "पण दुसरे आले तर धंदा बसणार हे मला दिसतंय. मग मशीन येणार नाही. आणि मशीन आलं नाही तर पुढं काय होईल ते मी तोंडानं कशाला सांगू? शालन, ज्यांना कळलं नसेल त्यांना त्यांच्या भाषेत सांग."

शालननं सांगितलं, पण धमकीचं शेवटचं वाक्य गाळून. ते तिच्या जिभेवर आलंच नाही.

तेवढ्यात गोजराबाई बोलली. गोजराबाईचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. तिच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं आणि कन्नडमध्ये निम्मं मराठी. पंचावन्न वर्षांची, खळ लावण्यात तिचा हात सगळ्यांत चपळ. तिनं सरळ विचारलं, "सर, सरकार बदललं म्हणून लोक टोस्ट खायचं सोडतात काय?"

बायका हसल्या. हयवदनराव हसले नाहीत. त्यांनी गोजराबाईकडे क्षणभर बघितलं आणि केबिनमध्ये गेले. शालनला ते बघणं आवडलं नाही.

घरी प्रियदर्शनी पहिल्यांदाच मत देणार होती. तिच्या अंगात उत्साह मावत नव्हता. त्यांच्या गल्लीत पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. दुसऱ्या पक्षाचा उमेदवार त्याच भागात लहानाचा मोठा झालेला, आणि तो नळाची लाईन आणेल असं गल्लीला वाटत होतं. मायलेकींचं ठरलं.

मल्लाप्पा मात्र म्हणाला, "मी साहेबांच्याच पक्षाला देणार बाबा. आपलं मत कळत न्हाई म्हणत्यात, पण कुणास ठाऊक."

"अहो, कसं कळंल? बटणावर काय नाव लिहिलेलं असतंय काय आपलं?"

"तुझं बरोबर हाय. पण माझी छाती होत न्हाई," तो म्हणाला, आणि खरंच त्यानं साहेबांच्या पक्षाला मत दिलं.

शालननं दुसरं बटण दाबलं. बाहेर आली तेव्हा तिला हलकं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी कामावर हयवदनरावांनी सहज विचारलं, "झालं का मतदान?" तेव्हा तिनं शाईचं बोट पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं, जणू त्या शाईत वाचता येण्यासारखं काही होतं.

निकालाच्या दिवशी केबिनमधला टीव्ही सकाळपासून चालू होता. अकराच्या सुमारास त्याचा आवाज बंद झाला. साडेअकराला शालनला आत बोलावणं आलं. हयवदनराव खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते. चेहरा पांढराफटक.

"मशीनवाल्याला फोन लाव."

तिनं लावून दिला. ते एवढंच बोलले, "नको आता. बघू पुढं." मग फोन तिच्या हातात देत म्हणाले, "संपलं शालन. पाच वर्षं संपली."

समोरच्या शेडमध्ये त्याच वेळी फटाके वाजले. तिथं दयानंद म्हणून एक जण प्लास्टिकच्या बरण्या बनवायचा. त्याचा पक्ष जिंकला होता. दुपारी तो पेढे घेऊन रस्त्यावरच्या सगळ्या शेडमध्ये फिरला. हयवदनरावांच्या दारात आला तेव्हा ते पुढं झाले नाहीत. शालननंच पेढा घेतला. तो तिनं पदरात बांधला आणि घरी गेल्यावर काढायला विसरली.

दहा दिवसांनी तिला परत आत बोलावलं.

"दार लाव," हयवदनराव म्हणाले. समोर एक कोरा कागद होता. "बारा माणसं कमी करायची आहेत."

"सर, ऑर्डरी तर आहेत अजून."

"आज आहेत. चार महिन्यांनी नसतील. हे लोक काय करतील सांगता येत नाही. वीज महाग करतील, इन्स्पेक्टर पाठवतील. बुडायच्या आधी हातपाय आवरायला हवेत." ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला एक सांग. तू सगळ्यांच्यात वावरतेस. तुझ्याजवळ सगळे बोलतात. यांच्यातल्या कुणी कुणी त्यांना मत दिलं?"

शालननं समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघितलं.

"मला कसं ठाऊक असेल सर?"

"असतंच. बायका बोलतात. ज्यांनी हे सरकार आणलं त्यांनीच त्याची फळं भोगावीत, एवढंच माझं म्हणणं. उगाच दुसऱ्यांच्या पोटावर का? सांग."

आता आपल्या तोंडावरून त्यांना कळणार, असं तिला वाटलं. तिनं मान खाली घातली. "न्हाई सर. माझ्याजवळ कुणी बोललेलं न्हाई."

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "मग मीच बघतो."

यादी त्यांनी स्वतः केली. पहिलं नाव गोजराबाईचं होतं.

शनिवारी बारा जणांना सांगितलं गेलं. सात बायका, पाच पुरुष. सांगायचं काम शालनवर नव्हतं, पण समजावायचं काम तिच्यावरच आलं, कारण हयवदनराव कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलून निघून गेले होते. गोजराबाई बाकावर बसून राहिली. तिच्या बोटांवरची खळ वाळून पापुद्रे निघत होते, ते ती एकेक करून सोलत होती.

"माझी काय चूक झाली गं?" तिनं विचारलं.

"चूक न्हाई अक्का. धंदा बसणार म्हणतात साहेब."

"मी विचारलं होतं ना टोस्टचं, ते लागलं त्यांना. मला समजतंय. त्यांना वाटलं मी त्या लोकांची." ती मान हलवत राहिली. "अगं, मी साहेबांच्याच पक्षाला मत दिलं. आमच्या घरात माझ्या सासऱ्यापासून तेच निशाण. माझं मत त्यांनाच गेलं शालन. देवाशपथ सांगते. तू सांग ना त्यांना."

शालनच्या डोळ्यांसमोर मतदानाच्या खोलीतलं ते बटण आलं. ज्या कारणासाठी गोजराबाईला काढलं होतं, ते कारण तिच्या स्वतःच्या बोटात होतं, आणि ती मात्र उद्या येऊन आपल्या खुर्चीत बसणार होती. तिनं साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत कुणाचं मत कुठं गेलं? आणि मग? ती गप्प राहिली. गोजराबाई डबा उचलून निघून गेली.

मग फोन यायला लागले.

पहिला बसवंतचा. दर आठवड्याला जाणाऱ्या खोक्यांतली निम्मी या वेळी नको म्हणाला. मग उदबत्तीवाला: "स्वल्प थांबू या अक्का." मग पंपवाला, मग चपलावाला. कुणी भांडत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं. सगळ्यांचं एकच म्हणणं, थांबू या, बघू या. जुलै संपेपर्यंत दोन टेबलं रिकामी उभी राहिली. मशीन दुपारनंतर बंद ठेवायला लागले. ते बंद झालं की शेडमध्ये इतकी शांतता पसरायची की छपरावर कावळ्याची नखं वाजलेली ऐकू यायची, आणि बायका एकमेकींकडे बघायच्या.

प्रत्येक फोनबरोबर हयवदनराव केबिनच्या दारात येऊन उभे राहायचे. "काय म्हणतोय?" शालननं सांगितलं की मान डोलवायचे. "बघ. मी म्हटलं नव्हतं?" त्यांच्या आवाजात दुःख होतं, आणि त्या दुःखात स्वतःचं खरं ठरल्याचं एक समाधानही होतं. शालनला त्या समाधानाची जास्त भीती वाटायची.

मल्लाप्पाच्या टेम्पोच्या दिवसाला चार खेपा व्हायच्या, त्या एकावर आल्या. तो दुपारीच घरी येऊन बसायला लागला. एक दिवस म्हणाला, "अजून कुणाला काढणार म्हणायलेत काय?"

"मला काय सांगत न्हाईत ते."

"तुझं कुणाला कळलेलं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"पोरीलाबी सांगून ठेव. कालेजात कुठं बोलू नको म्हणावं." प्रियदर्शनी आतून ऐकत होती. तिचं तोंड एवढंसं झालं. पहिल्या मताचा तिचा सगळा आनंद कधीच विरून गेला होता; आपल्या बोटानं आई-बापाच्या पोटावर पाय आला, असं त्या पोरीनं मनात घेतलं होतं. ती शालनला विचारायची, "आई, आपण चुकलो का?" आणि शालनला स्वतःलाही आता तसंच वाटायला लागलं होतं. साहेब एवढे शिकलेले, एवढी वर्षं धंद्यात. त्यांनी सांगितलं होतं, आणि तसंच होत होतं.

समोर मात्र दयानंदचं उलटं चाललं होतं. त्यानं बाजूच्या दोन शेड भाड्यानं घेतल्या. नवी मशिनं आली. वीसेक माणसं घेतली. शालन एकदा चहाच्या टपरीवर उभी असताना तो भेटला, तर म्हणाला, "अक्का, आता आपले दिवस आले. तुमच्या साहेबांना सांगा, रडत बसू नका." त्याच्याही बरण्या शेवटी खोक्यातच जायच्या आणि त्याची ऑर्डर शालनकडेच यायची. ती वाढली नव्हती. जेवढी गेल्या वर्षी होती तेवढीच होती. शालनला हे विचित्र वाटलं, पण तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बसवंतचा पुन्हा फोन आला. गौरी-गणपती तोंडावर, दर वर्षी या दिवसांत त्याला दुप्पट खोकी लागायची. तो म्हणाला, या वेळी नेहमीच्याही निम्मीच द्या.

शालनच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, टोस्ट खपत नाहीत काय?"

"खपायला काय झालंय? दुकानात संध्याकाळी माल उरत नाही."

"मग?"

बसवंत घुटमळला. "खरं सांगू अक्का? तुमच्या साहेबांनी बारा माणसं काढली म्हणून कळलं. हयवदनराव उगाच काढणार नाहीत. मोठमोठ्या माणसांत त्यांची ऊठबस. त्यांना आतली काहीतरी बातमी असणार. म्हणून मीही भट्टीवरची चार माणसं कमी केली. माल कमी काढतोय."

शालननं फोन ठेवला. मग तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतःहून उदबत्तीवाल्याला फोन लावला. त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, बसवंतसारखा माणूस हात आखडतोय म्हणजे काहीतरी असणार, म्हणून मी थांबलो. पंपवाला म्हणाला, या रस्त्यावरच्या शेडमधून माणसं काढताहेत असं ऐकलं, म्हणून थांबलो. तिनं भीत भीत प्रत्येकाला विचारलं, सरकारनं काही केलं का? नवा नियम आला का? कुणी येऊन त्रास दिला का? कुणालाच कुणी त्रास दिलेला नव्हता. नवं सरकार अजून खुर्च्याच मांडत होतं.

तिला आधी हायसं वाटायला हवं होतं. पण तसं झालं नाही. बारा माणसं याच शेडमधून गेली होती, आणि तीच बातमी शहरभर फिरून फोनमधून परत याच शेडमध्ये येत होती. आणि दारात उभे राहून साहेब म्हणत होते, मी म्हटलं नव्हतं? हे असंच चालू राहिलं तर पुढची बारा, मग त्याच्या पुढची. कुणी थांबवायचं? हे ठाऊक असलेली शेडमध्ये ती एकटीच होती, आणि तिनं तोंड उघडणं म्हणजे स्वतःहून विहिरीच्या काठावर जाऊन उभं राहणं.

तीन दिवस ती नुसते फोन घेत राहिली. चौथ्या दिवशी हयवदनरावांनी पुन्हा कोरा कागद काढलेला तिनं काचेतून पाहिला. ती उठली. दार लोटून आत गेली.

"सर, एक सांगायचं होतं."

तिनं सगळं सांगितलं. बसवंत काय म्हणाला, उदबत्तीवाला काय म्हणाला. मधे थांबली नाही. हयवदनराव ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू ताठ होत गेला.

"म्हणजे माझ्यामुळं धंदा बसला, असं तू मला सांगतेस?"

"तसं न्हाई सर. लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही घाबरलात तर ते घाबरतात, एवढंच."

"मी घाबरलो?" त्यांनी कागद बाजूला सारला. "तुला राजकारणातलं काय कळतं? तू कुणाला मत दिलंस, शालन?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. एक शब्द पुरला असता. पण तिच्या डोळ्यांसमोर बोटांवरची खळ सोलत बसलेली गोजराबाई आली.

"दुसऱ्यांना, सर," ती म्हणाली. "आणि गोजराक्कानं तुमच्या पक्षाला."

हयवदनरावांनी तिच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर. "जा," म्हणाले.

तो दिवस आणि पुढचे पाच दिवस शालननं कसे काढले ते तिलाच माहीत. मल्लाप्पाला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. ती रोज डबा घेऊन निघायची ते परत येऊ तेव्हा नोकरी असेल का, या विचारात. शनिवारची तिला सगळ्यांत जास्त धास्ती. शनिवार आला. कुणाचं नाव निघालं नाही. कागद कुठं गेला कुणास ठाऊक. सोमवारी हयवदनराव तिच्या टेबलापाशी आले, समोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बसवंतला लावा."

'लाव' न म्हणता 'लावा' म्हणाले. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

बसवंतशी ते पक्षाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझ्याकडं आतली-बाहेरची कसलीही बातमी नाही. मी माणसं काढली ती माझ्या भीतीपोटी. तू तुझा धंदा बघून ऑर्डर दे, माझ्याकडं बघून देऊ नको." हे बोलायला त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या मानेवरच्या शिरेत दिसत होतं. फोन ठेवून ते शालनकडे न बघता आत गेले. बाकीच्यांना त्यांनी फोन केला नाही. ते शालननं केले.

सगळं लगेच सुधारलं, असं झालं नाही. गणपतीच्या ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच. पण दसऱ्याच्या आधी फोन पुन्हा पहिल्यासारखे वाजायला लागले, आणि मग उलटाच घोळ झाला. माल मागायला लोक, आणि टेबलांपाशी हात नाहीत. दोन जुनी गिऱ्हाईकं वेळेवर खोकी मिळाली नाहीत म्हणून दुसरीकडं गेली, ती कायमचीच. हयवदनरावांनी बारा जणांना परत बोलवायला सांगितलं. सात आले. चौघं कुठं ना कुठं लागले होते.

गोजराबाईचा फोन लागेना. शालन रविवारी विचारत विचारत सर्जापूर रोडला गेली. एका उंच इमारतीत गोजराबाई चार घरचा स्वयंपाक करत होती. वॉचमननं शालनला आत सोडलं नाही. गोजराबाईच खाली आली, पदराला पीठ लागलेलं. बाराव्या मजल्यावर लिफ्टनं जाताना पोटात ढवळतं, हे तिनं आधी सांगितलं. हाडकुळी झाली होती.

"साहेब बोलावतात अक्का. चुकलं म्हणाले."

"तुला म्हणाले?"

"मला असं न्हाई. पण बोलावलंय."

गोजराबाई कंपाउंडच्या कट्ट्यावर टेकली. "नको गं. इथं कामं जास्त, पण कुणी विचारत नाही तुझं मत कुठं. तिथं आता माझे हात थरथरतील. निवडणुका काय, दर वर्षी कुठली ना कुठली येतेच."

शालनला राहवलं नाही. "अक्का, त्या यादीत माझं नाव असायला पाहिजे होतं. मी दुसऱ्यांना मत दिलं होतं. तुम्ही मला विनवत होतात आणि मी गप्प बसले."

गोजराबाईनं चमकून आधी इकडंतिकडं बघितलं. वॉचमन लांब होता. मग तिनं शालनचं मनगट घट्ट धरलं.

"बाकी कुणाला बोलू नकोस हे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुला पोरगी आहे." एवढं म्हणून ती उठली. वरच्या घरचा कुकर चढवायचा होता. तिनं शालनला माफ केलं की नाही, हे शालनला त्या बोटांच्या पकडीवरून कळलं नाही, आणि पुढंही कधी कळलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास दयानंदनं घेतलेल्या दोन्ही शेड सोडल्या. नवी मशिनं ताडपत्री टाकून उभी राहिली, घेतलेली माणसं गेली. लोकांनी बरण्या तेवढ्याच घेतल्या जेवढ्या ते घेत होते. आता तो म्हणतो, वरचे अधिकारी जुन्या सरकारच्या विचाराचे, म्हणून माल उठला नाही.

मार्चमध्ये शालननं वर्षभराची खोकी मोजली. हयवदनरावांनी मागितली म्हणून. मधले तीन महिने सोडले तर आकडा आदल्या वर्षीच्या आसपासच होता. त्यांनी तो कागद बघितला, घडी घालून खिशात ठेवला. मोठं मशीन आलं नाही. गल्लीत नळाची लाईनही अजून आलेली नाही. खड्डे मात्र खणून ठेवलेत. हयवदनराव शालनशी कामापुरतं बोलतात, आणि अजूनही 'तुम्ही' म्हणतात. माणूस म्हणून बरे आहेत ते. त्यांनी तिला काढलं नाही. पण प्रियदर्शनी कॉलेजचं पहिलं वर्ष पास झाली त्याचे पेढे तिनं दिले, तेव्हा त्यांनी डबा टेबलावर ठेवून घेतला आणि घरचं काही विचारलं नाही.

पुढच्या निवडणुकीची तारीख लागली तेव्हा त्यांनी कुणाला गोळा केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बायका खाली मान घालून जेवल्या. मालक बोलले नाहीत याचा अर्थ काय, हे कुणालाच कळत नव्हतं, आणि विचारायला गोजराबाई नव्हती.

त्या संध्याकाळी जेवताना प्रियदर्शनीनं विचारलं, "आई, या वेळी कुणाला द्यायचं गं?"

शालननं मल्लाप्पाकडे बघितलं. मल्लाप्पानं घास खाली ठेवला, उठून रस्त्याकडची खिडकी लावली, कडी घातली, आणि मग बोलायला लागला.